दुबार नावं

“पुसायच्या आधी बघायचं,” जयदीप कोष्टी म्हणाला. “जे पुसणार, ते आधी डोळ्यांनी वाचायचं. लिहा वहीत, काकू.”

मी लिहिलं. दोनशे पानी वही होती, वर ब्राऊन पेपरचं कव्हर आणि कव्हरवर माझं नाव, शाळेतल्यासारखं. ‘पुसण्याआधी बघणे’ असं ठळक अक्षरात लिहून मी खाली दोन रेघा ओढल्या. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी पुन्हा पहिलीत बसले होते, आणि मास्तर माझ्या मुलापेक्षा दोन वर्षांनी लहान होता.

आमचं ऑफिस पुनर्वसनाचं. सोनजाई धरणात अठ्ठावीस गावं गेली, त्या गावांतल्या कुटुंबांची नावं आमच्या रजिस्टरांत. कुणाला पर्यायी जमीन हवी असे, कुणाला घराचा प्लॉट, कुणाच्या मुलाला सरकारी भरतीत धरणग्रस्तांची राखीव जागा. काहीही हवं असलं तरी आधी आमच्या रजिस्टरात नाव सापडावं लागे. नाव सापडलं तर दाखला. नाही सापडलं, तर तुमचं घर पाण्याखाली गेलं हे तुम्ही कितीही छाती पिटून सांगा, आमच्या लेखी तुम्ही कोरडेच. बावीस वर्षं ही रजिस्टरं माझ्या ताब्यात होती. कुठल्या गावाचं पान कुठे फाटलंय हे मी डोळे मिटून सांगू शकत होते.

मग ती सगळी कॉम्प्युटरवर गेली. डिसेंबरच्या मीटिंगमध्ये आमचे पुनर्वसन अधिकारी डोईफोडे साहेब म्हणाले, “मार्चअखेरपर्यंत ज्याला कॉम्प्युटर येणार नाही, त्याला धरणावरच्या ऑफिसला पाठवणार. तिथे अजून रजिस्टरंच आहेत.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बोंद्रे नावाचा एक कारकून होता, कुणाचंही लग्न असो की मयत, जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, “कारंडे बाई, स्वेटर विणायला घ्या. धरणावर गारठा असतो.”

सगळे हसले. मीही हसले. हसले नसते तर रडले असते.

धरण साठ किलोमीटरवर. आणि घरी आमचे हे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन डावी बाजू गेलेली, बोलणं जड झालेलं. ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर, म्हणून दुपारच्या सुट्टीत जाऊन मी त्यांना भरवून येई. मुलगा पुण्याला. तो महिन्यातून एकदा यायचा, बाबांच्या पायाशी बसायचा आणि रविवारी संध्याकाळी परत जायचा. मी धरणावर गेले असते तर त्यांच्या तोंडात घास कुणी घातला असता? साहेबांना हे ठाऊक होतं. साहेबांना सगळ्यांचंच सगळं ठाऊक असायचं, म्हणून तर ते साहेब.

त्याच संध्याकाळी मी कोष्टीच्या टेबलापाशी गेले. तो इचलकरंजीचा, अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आमचा डेटाबेस सांभाळायला आलेला. ऑफिसात त्याला नावाने कुणी हाक मारत नसे, ‘ए कंत्राटी’ म्हणत. बायकोला पाचवा महिना चाललेला, म्हणून तिलाही इथेच एक खोली घेऊन आणली होती. एप्रिलमध्ये कंत्राट पुन्हा मिळेल या भरवशावर.

“मला शिकवशील का?” मी विचारलं. “टायपिंग नको. तू करतोस ते.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हसेल. तो म्हणाला, “शिकवतो की. पण भाकरी आणावी लागेल. बायकोला उभं राहवत नाही आणि मला थापता येत नाही.”

असा आमचा सौदा ठरला. ज्वारीच्या चार भाकऱ्या, काहीतरी कालवण, आणि साडेपाचनंतर एक तास शिकवणी.

पहिल्याच दिवशी मी स्क्रीनवरचे रकाने वाचले. नोंद क्रमांक, नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, वय, गट क्रमांक. वयाचा रकाना निम्मा रिकामाच होता, टायपिंगवाल्यांनी कंटाळा केलेला. मी म्हटलं, “यात शेरा कुठाय?”

“शेरा नाहीये, काकू. फॉर्म मुंबईहून आलाय, त्यात तो रकानाच नाही.”

“शेऱ्याशिवाय कसलं रजिस्टर?”

“काय असतं शेऱ्यात?”

“असतं काहीबाही,” मी म्हटलं, आणि पुढचं शिकायला घेतलं.

खरं सांगते, मला ते आवडायला लागलं. आधी भीती होती, मग चीड आली, आणि जानेवारीच्या मध्यावर एके दिवशी मला कळलं की मी साडेपाच वाजायची वाट बघतेय. कोष्टी म्हणायचा, “काकू, हे यंत्र म्हणजे सरकारी शिपाई आहे. नेमकं सांगाल तेवढंच करणार, वर एक पाऊल टाकणार नाही.” सिलेक्ट म्हणजे दाखव. फ्रॉम म्हणजे कुठल्या रजिस्टरातून. व्हेअर म्हणजे कुठले तेवढेच. ‘तळकोंड गावचे तेवढे दाखव’ असं त्याच्या भाषेत लिहिलं की सहा हजारांतून तळकोंडची दोनशे चौदा कुटुंबं एका क्षणात समोर उभी. याच कामाला मला बावीस वर्षं अर्धा-अर्धा दिवस लागला होता. धुळीने शिंका यायच्या, पाठ धरायची. पहिल्यांदा ती यादी आली तेव्हा मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले, डोळ्यांत पाणी आलं ते त्याला दिसू नये म्हणून.

मी सगळं आधी वहीत लिहायची. वर तारीख, खाली मराठीत अर्थ, मग स्क्रीनवर. बरोबर आलं की कोष्टी वहीत लाल पेनाने बरोबरची खूण करायचा. घरी गेल्यावर ह्यांना वाचून दाखवायची. ते अर्ध्या तोंडाने हसायचे आणि म्हणायचे, “इं... इंजिनेर.” लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, कौतुक मात्र पहिल्यांदाच ऐकत होते.

फेब्रुवारीत मुंबईहून पत्र आलं, की शुद्ध यादी पाठवा. रजिस्टरांच्या दोन प्रती होत्या आणि टायपिंगवाल्यांनी काही गावं दोन्ही प्रतींवरून भरून ठेवली होती, त्यामुळे पुष्कळ माणसं दोनदोनदा पडलेली. साहेबांनी कोष्टीला बोलावून सांगितलं, “दुबार नावं काढून टाक. शुक्रवारपर्यंत.”

कोष्टी माझ्याकडे आला. “काकू, हे तुम्ही करा.”

“मी?”

“परीक्षा समजा. मला काय, मी दहा मिनिटांत करीन. पण तुम्ही केलंत तर मार्चच्या मीटिंगमध्ये साहेबांना सांगता येईल. मग बघू कोण स्वेटर विणतंय ते.”

माझ्या लॉगिनवरून फक्त वाचता यायचं, पुसता यायचं नाही. त्याने स्वतःच्या लॉगिनने मशीन उघडून दिलं आणि शेजारची खुर्ची ओढून बसला. नियमात ते बसत नव्हतं, त्याला माहीत होतं, मलाही. गुरुवारची दुपार होती. ऑफिस निम्मं रिकामं, साहेब दौऱ्यावर. कोष्टीने आधी सगळ्या यादीची एक प्रत काढून बाजूला ठेवली. “हे आपलं पांघरूण,” म्हणाला. “थंडी वाजली तर असावं.”

मी वहीत लिहिलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव हे चारही ज्यांचं सारखं, ते एकत्र कर. त्यांतला लहान क्रमांकाचा ठेव, मोठ्या क्रमांकाचे काढ. आधी नुसतं ‘दाखव’ म्हणून चालवलं. चारशे बारा ओळी आल्या.

पुसायच्या आधी बघायचं, म्हणून मी बघितलं. स्क्रीनवर बोट ठेवून एकेक ओळ, चांगला तासभर. ‘राघू धोंडू शेलार, तळकोंड’ हेही दोनदा वाचलं. एकदा अकराशे काहीतरी क्रमांकाला, एकदा पाच हजार काहीतरीला. टायपिंगवाल्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि बोट पुढे सरकवलं.

“काकू, एक विचारू?” कोष्टी म्हणाला. “मी इचलकरंजीचा, मला या गावांचं काही माहीत नाही. हे चारही सारखं, पण माणसं मात्र दोन, असं असू शकतं का?”

मला आठवतंय, मी त्याच्याकडे वळून बघितलं. कौतुकानेच. मोठी माणसं लहानांना उत्तर देताना जशी मान किंचित मागे घेतात, तशी घेतली.

“कोष्टी, बावीस वर्षं ही रजिस्टरं मी लिहितेय. एकाच गावात, एकाच बापाला, एकाच नावाची दोन पोरं? कुठली आई ठेवील?”

तो हसला. “हेही खरंच.”

“मग करू?”

“करा. हात तुमचा.”

मी ‘दाखव’च्या जागी ‘पूस’ लिहिलं आणि बटण दाबलं. चारशे बारा ओळी गेल्या. शिंक यावी एवढाही वेळ लागला नाही. कोष्टीने वहीत लाल खूण केली, आज जरा मोठी. आणि मी त्याच्याखाली, त्याच्यादेखत, दोन शब्द लिहिले. तो वाचून हसला, “पेढे लागतात, काकू” म्हणाला, आणि मार्चच्या मीटिंगला दाखवायची म्हणून वही त्याने आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

सोमवारी साहेबांनी यादी बघितली आणि भर हॉलमध्ये म्हणाले, “शाब्बास, कोष्टी!”

कोष्टीने माझ्याकडे बघितलं. लॉगिन त्याचं होतं, तो तिथे काय बोलणार? पण मला दिवसभर जेवण गेलं नाही. मी केलं आणि शाब्बासकी याला! संध्याकाळी मी त्याला भाकरी दिली ती न बोलता दिली. त्याला कळलं. “काकू, मार्चच्या मीटिंगला मी स्वतः उठून सांगतो,” म्हणाला. “पुसली कुणी? कारंडे मॅडमनी. पुरे?”

तेव्हा कुठे मी हसले. आता आठवलं की थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, एक बाई खिडकीशी आल्या. माझ्याच वयाच्या असतील. हिरवं इरकली लुगडं, कपाळावर मोठं गोंदण, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद.

“बाई, माझ्या लेकाचं नाव न्हाय म्हनत्यात तुमच्या हितं,” त्या म्हणाल्या. “भरतीत निवड झालती त्येची. शनवारी कागद तपासले, तर तुमच्या हापिसाचं पत्र आलंय, ह्या नंबराला नाव आढळत न्हाय. काढून टाकलं त्येला.”

“गाव?”

“तळकोंड.”

“मुलाचं नाव काय?”

त्यांनी पदर तोंडाशी नेला. “ते मी न्हाय घ्यायची.”

“अहो, नवऱ्याचं नाही विचारत, मुलाचं विचारतेय.”

“मुलाचंच की. पर त्येच नाव मामंजींचं. ते गेले आन् वर्साच्या आत ह्यो झाला, म्हनून त्येंचंच ठेवलं. आमी आप्पा म्हंतो त्येला. माझ्या तोंडानं कशाला, ह्या कागदावर हाय बगा.”

कागद मी हातात घेतला, पण वाचायची गरज नव्हती. राघू धोंडू शेलार. राघूचा मुलगा धोंडू. धोंडूचा मुलगा पुन्हा राघू. आजोबा आणि नातू, दोघांच्याही बापाचं नाव धोंडूच. गाव एक, आडनाव एक. चारही सारखं, आणि माणसं दोन.

हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? माझ्या सासऱ्यांचं नाव शंकर, त्यांच्या वडिलांचं बाळकृष्ण. ह्यांचंही बाळकृष्ण. मुलगा झाला तेव्हा सासूबाई पाळण्यापाशी म्हणाल्या होत्या, आमचे हे परत आले. शंकर बाळकृष्ण कारंडे. सासऱ्यांचं नाव मी कसं घेणार, म्हणून मी त्याला जन्मभर ‘नाना’ म्हटलं. माझ्याच घरात एक शंकर बाळकृष्ण भिंतीवर हार घालून होते आणि दुसरा पुण्यात नोकरी करत होता. आणि मी विचारत होते, कुठली आई ठेवील!

मी उठले, आतल्या खोलीत जाऊन कपाट उघडलं. तळकोंडचं मूळ रजिस्टर. ‘राघू धोंडू शेलार’, पुढे शेऱ्यात लाल शाईने ‘थो., मयत’. मग पुरवणी यादीचं रजिस्टर काढलं. घरातलं पोर अठरा वर्षांचं झालं की त्याची वेगळी नोंद त्यात व्हायची. ‘राघू धोंडू शेलार’, आणि शेऱ्यात ‘धा., वरील थोरल्याचा नातू’. लाल शाई, आणि अक्षर माझं. पान उलटलं. अशीच आणखी. थोरला, धाकटा. थोरला, धाकटा. बावीस वर्षं मीच लिहीत आले होते.

लहान क्रमांक ठेवायचा, मोठा काढायचा, असं मी लिहिलं होतं. लहान क्रमांक आजोबांचे. म्हणजे मेलेले यादीत राहिले आणि जिवंत पुसले गेले. भरतीवाल्यांनी विचारलेल्या क्रमांकाला आता कुणीच नव्हतं.

कोष्टीला मी खुणेने आत बोलावलं. रजिस्टर दाखवलं. तो दोन्ही नोंदी वाचून मशीनकडे वळला. जाऊन बसला, बाजूला काढून ठेवलेली प्रत उघडली. आम्ही दोघांनी रजिस्टरं समोर घेऊन नावं जुळवली. त्रेसष्ट माणसं निघाली. दुपारी तीनपर्यंत ती सगळी परत जागेवर आली. पण भरतीची कागद-तपासणी शनिवारी होऊन गेली होती. त्रेसष्टांतले अकरा जण त्या तपासणीत होते, आणि अकराही जणांना आमच्या ऑफिसाचं पत्र गेलं होतं.

खिडकीपाशी त्या बाई अजून उभ्याच होत्या.

“सापडलं नाव,” मी म्हटलं. “दाखला आत्ता देते.”

“मग घेतील का त्येला आता?”

“पुढच्या भरतीला...”

“फुडच्या भरतीला वय जातंय की त्येचं.” त्या रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. दाखला घडी घालून पिशवीत ठेवला आणि मलाच म्हणाल्या, “तुमी तरी काय करनार, बाई. मशीनच तसलं.”

संध्याकाळी कोष्टी म्हणाला, “काकू, साहेबांना आपण होऊन सांगू या. दोघांनी. माझी चूक मी लॉगिन दिलं ही. तुमची चूक नावांची. दोघांत वाटून घेतली तर कुणावरच फार येणार नाही.”

“सांगू,” मी म्हटलं. “उद्या सांगू.”

घरी आले. ह्यांना भात कालवून भरवला. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून वरण ओघळत होतं, ते मी पुसत होते, आणि डोक्यात एकच. निलंबन झालं तर अर्धा पगार. नाही झालं तर धरण. त्यांनी विचारलं, “आज काय शि... शिकलीस?” मी म्हटलं, “आज सुट्टी होती.”

उद्या सांगायची वेळच आली नाही. सकाळी अकराच्या अकरा मुलं, त्यांचे बाप, तळकोंडचा सरपंच असे सगळे दारात उभे होते. साहेबांना वरून फोन आला होता. बारा वाजता त्यांनी मला आणि कोष्टीला केबिनमध्ये बोलावलं. जबाब लिहून घ्यायला बोंद्रे बसला होता, पेनाचं टोपण काढून.

“पंधरा दिवसांपूर्वी चारशे बारा नोंदी पुसल्या. कुणाच्या लॉगिनवरून?” साहेब म्हणाले.

“माझ्या, साहेब,” कोष्टी म्हणाला.

“न विचारता? न तपासता?”

“तपासलं होतं. आणि विचारलंही होतं, साहेब. अशी एकसारखी नावं दोन माणसांची असू शकतात का, असं विचारलं होतं.”

“कुणाला?”

कोष्टीने फक्त माझ्याकडे बघितलं. त्यात आरोप नव्हता. शिकवताना, मला उत्तर येतंय हे ठाऊक असलं की तो असाच थांबायचा. मी बोलावं म्हणून वाट बघायचा.

साहेबांनी त्याची नजर पकडली. “कारंडे बाई? तुम्हाला विचारलं होतं याने?”

बोंद्रेचं पेन कागदावर टेकलेलं होतं. बाहेरून पोरांचा आवाज येत होता. एक वाजायला आला होता, घरी ह्यांची जेवायची वेळ.

“मला त्यातलं काय कळतं, साहेब?” मी म्हटलं.

एवढंच म्हटलं. यात खोटं काय ते कुणाला दाखवताही आलं नसतं.

आणि साहेबांनी लगेच मान हलवली. क्षणभर थांबले असते, एकदा भुवई उंचावली असती, ‘पण तुम्ही तर रोज त्याच्याशेजारी बसता’ असं विचारलं असतं, तर कदाचित मी... नाही, मीही काही बोलले नसते. पण ते थांबलेच नाहीत. “तेही खरंच म्हणा,” म्हणाले. “अरे कोष्टी, विचारून विचारून विचारलंस कुणाला? या बाईंना?” बोंद्रे खुदकन हसला आणि लिहायला लागला. तीन महिने मी जे खोटं ठरवायला धडपडत होते, ते माझ्या तोंडून एकदा निघालं आणि सगळ्यांना पटलं. एकाही माणसाला शंका आली नाही.

कोष्टीने खाली बघितलं. “माझी चूक, साहेब,” म्हणाला. “लॉगिन माझं होतं.”

दुसऱ्या दिवशी त्याला काढल्याचं पत्र निघालं. एप्रिलचं कंत्राट तर सोडाच, चालू महिनाही पुरा करू दिला नाही. धरणग्रस्तांनाही बरं वाटलं, कुणीतरी गेलं म्हणून.

मला साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. म्हणाले, “बाई, घरची परिस्थिती माहीत आहे मला. धरणाबिरणाचं मनातून काढा. कॉम्प्युटर तुमच्या वयात जमत नाही, त्यात लाज कसली? आवक-जावकला बसा, पत्रांवर नंबर टाका.” मी सात वर्षं पत्रांवर नंबर टाकले. ह्यांना त्यातली चार वर्षं दुपारचं भरवलं, मग तेही गेले. कोष्टीच्या जागेवर नवीन मुलगा आला. एकदा मी त्याच्या स्क्रीनकडे बघत उभी राहिले, त्याने लिहिलेल्या ओळीत गाव सांगायचं राहिलं होतं, व्हेअरच नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, “मावशी, हे तुम्हाला नाही कळायचं.” मी माझ्या टेबलाकडे परत गेले.

आप्पा शेलार गावोगावचे प्रवासी भरून नेणारी वडापची जीप चालवायला लागला. मी एकदा त्याच्या जीपमध्ये बसले होते. तो मला ओळखत नव्हता. उतरताना पायरी उंच होती, त्याने हात दिला, “दमानं, मावशी,” म्हणाला.

पण हे सगळं नंतरचं. कोष्टी गेला त्या दिवसाचं सांगायचं राहिलं.

तो दुपारी आपलं सामान न्यायला आला होता. एक डबा, एक चार्जर, बायकोचा सोनोग्राफीचा कागद. कुणी त्याच्याशी बोललं नाही. बोंद्रे तेवढा म्हणाला, “चला, कंत्राटी.” मी आवकचं रजिस्टर उघडून मान खाली घालून बसले होते. पावलं माझ्या टेबलापाशी येऊन थांबली.

मला वाटलं, आता बोलेल. बोलावं, असंही वाटलं. चार लोकांत मोठ्याने बोलावं, सगळं बाहेर काढावं, मग मला ‘हो’ म्हणण्यावाचून गत्यंतरच उरणार नाही.

त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं. “ही माझ्या ड्रॉवरमध्ये राहिली होती, मॅडम,” म्हणाला. “घरी न्या. इथे ठेवू नका.”

डिसेंबरपासून तो मला काकू म्हणत होता.

तो गेल्यावर मी ते पिशवीत घातलं. घरी येऊन, ह्यांना निजवून, स्वयंपाकघरात दार लावून कागद सोडला. ब्राऊन पेपरचं कव्हर, वर माझं नाव. केबिनमध्ये माझा जबाब चालला होता तेव्हा ही वही तिथून दहा पावलांवर, त्याच्या ड्रॉवरमध्ये होती. तो उठून गेला असता आणि वही आणून साहेबांपुढे टाकली असती, की संपलं होतं. त्याला ते सुचलं नसेल असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण ‘इथे ठेवू नका’ म्हणणाऱ्या माणसाला ते सुचलं नव्हतं असं कसं म्हणू?

मी शेवटचं लिहिलेलं पान काढलं. वर तारीख. खाली पुसायच्या त्या पाच ओळी, त्यांचा मराठीत अर्थ, एकही खाडाखोड नाही. त्याखाली त्याची लाल खूण. आणि खुणेच्या खाली, माझ्या ठसठशीत, बावीस वर्षं रजिस्टरं लिहून वळण लागलेल्या अक्षरात, त्या दिवशी आनंदाने लिहिलेले दोन शब्द:

‘स्वतः केले.’